एकदा दाखल, दोनदा सुटका

६ ऑगस्ट, सोमवार

लेटी, तू विसरली असशील म्हणून सांगते, रोज फोनशी बोलायचं हे खूळ तुझंच. जी पोरगी स्वतःच्या लग्नाला बूट विसरून आली आणि आजोबांचे रबरी बूट घालून पाद्र्यासमोर उभी राहिली, तिला आठवण करून द्यायला मला कसली लाज? तूच म्हणालीस, आजी, तुला अक्षर येत नाही ना, मग हे गोल बटण दाब आणि बोल. फोन लिहील, तारीखही तोच घालील, आणि मी पडल्या पडल्या वाचीन. डॉक्टरांनी बाळ होईपर्यंत उठू नको म्हटलंय, तर पडून राहा. तुझा हा फोन काहीही लिहितो हेही लक्षात ठेव. परवा रेडिओवर डुकरांचे भाव चालले होते ते याने माझ्या नावावर लिहिले, आणि तू मला विचारलंस की आजी, तू डुकरं कधी घेतलीस!

तर, पोचले. गाव छान आहे. कोर्टाच्या आवारात मोठमोठी झाडं, गवत भांग पाडल्यासारखं कापलेलं. मोटेलवाल्याने खालची खोली दिली. पोहायचा हौद आहे, पाणी नाही, पण तळाशी प्लास्टिकची बदकं मात्र हारीने मांडलीत. मी म्हटलं, बदकांनाही परवडत नाही का हो इथलं भाडं? तो हसला नाही. माझं नाव आणि गाव एकदाच ऐकून घेतलं आणि घडाघडा परत म्हणून दाखवलं.

डॉर्सीला घेतल्याशिवाय मी घरी येत नाही, हे तुला शब्द देऊन निघालेय. त्या गाढवाने केलंय तरी काय? ट्रकचा पुढचा दिवा फुटका, म्हणून पोलिसाने थांबवला. मग निघालं की वसंतात त्याला कोर्टाची तारीख होती आणि हे महाराज ती विसरले. विसरभोळेपणा तुम्हा बहीण-भावाला आजोबांकडून आलाय, माझ्याकडून नव्हे. आता बसलाय काउंटीच्या तुरुंगात.

रात्री खानावळीत जेवले. चवळी बरी होती, शलगमाचा पाला बरा होता. पण मक्याच्या पावात साखर! मी वाढणारीला म्हटलं, बाई, याला केक म्हणतात, हा वाढदिवसाला देतात. लेटी, ज्या दिवशी मी मक्याच्या पावात साखर मागीन, त्या दिवशी समज की तुझी आजी गेली.

७ ऑगस्ट, मंगळवार

तुरुंगात माणूस शोधणं म्हणजे गवताच्या गंजीत सुई शोधण्यापेक्षा वाईट, कारण इथे गंजीच तुला विचारते की सुईची जन्मतारीख काय.

कोर्टाच्या मागे विटांची इमारत आहे, खिडक्या कसल्या, नुसत्या उभ्या फटी. आत काचेमागे इमोजीन नावाची बाई बसते. केस एकही इकडचा तिकडे नाही. म्हणाली, आडनाव सांगा. म्हटलं, नेलर. मग जन्मतारीख. म्हटलं, त्या मोठ्या वादळात तंबाखूच्या कोठाराचं छप्पर उडालं त्या रात्री झालाय पोरगा, मीच नाळ कापली. इमोजीन म्हणाली, वादळ चालत नाही, तारीख लागते. मी म्हटलं, अगं बाई, तारखेने छप्पर उडत नाही. तीही हसली नाही. या इमारतीत माझे विनोद जप्त करून घेतात बहुतेक. शेवटी म्हणाली, कैद्यांची यादी सगळ्यांना बघायला खुली आहे, गावातल्या वाचनालयात जा.

वाचनालयातली विनिफ्रेड मात्र माझ्याच वळणाची. साठीची असेल, चष्मा डोक्यावर आणि शोधतेय टेबलाखाली. वादळ म्हटल्याबरोबर ओरडलीच, अहो, त्याच रात्री आमचं धुराडं पडलं! तारीख तिला पाठ. मग संगणकावर डॉर्सी निघाला. नारिंगी कपडे, आणि तुझ्या लग्नाच्या फोटोत होता तसाच बावळट चेहरा. तिने मला सगळं वाचून दाखवलं. रविवारी दाखल. उंची अमुक. डाव्या भुवईवर व्रण. बरोबरच्या वस्तू: टोपी, पट्टा, चाकू. घर कुठे, घरी कोण, तर तुझं नाव आणि आपला पत्ता. आणि शेवटी, कोणतंही अन्न बाधत नाही.

मी म्हटलं, खोटं! शेंगदाण्याचा दाणा जरी पोटात गेला तरी त्याचा गळा सुजतो. तिसरीत असताना निळा पडला होता. विचारलं तेव्हा सांगायचं विसरला असणार. मी परत इमोजीनकडे गेले, म्हटलं हे दुरुस्त करा. ती म्हणाली, नोंद झाली ती झाली.

विनिफ्रेडने आणखी एक केलं. सरकारी फोनवर माझा नंबर लावून दिला. डॉर्सी सुटला की यंत्र आपणहून फोन करतं. निघताना मी विचारलं, घरी कोण असतं तुमच्या? म्हणाली, नवरा. तोही मागे एक रात्र आत होता, दंड भरायचा राहिला म्हणून. तेव्हापासून त्याचा चष्मा कधीच हरवत नाही. मी म्हटलं, बरंच झालं की. ती म्हणाली, हो ना, आणि दाराकडे बघत राहिली.

शुक्रवारी शेजारच्या वेंडेलचा कोंबड्यांचा ट्रक इकडून जातो. त्याच्याबरोबर मक्याचा पाव पाठव, बिनसाखरेचा, आणि भेंडीच्या लोणच्याची बरणी. झाकण घट्ट लाव, गेल्या खेपेसारखं नको.

८ ऑगस्ट, बुधवार

आज त्याचा आवाज ऐकला!

इथे कैदी म्हणे टीव्हीसारख्या पडद्यावरच भेटतो, आणि तो पडदा बिघडलाय, म्हणून भेट नाही. पण तुरुंगासमोरच्या मोकळ्या जागेत बायका उभ्या राहतात, फटींकडे हात हलवतात. मी काठी टेकली, छाती भरून घेतली आणि आपली हाक दिली. दोन लांब, मग एक तुटकी. आजोबा तुम्हाला खालच्या वावरातून जेवायला बोलवायला देत असत ती. फोनसमोर मी ती एकदा दिली तर त्याने नुसतं हूहू लिहिलं, आणि तू हसून पलंगावरून पडत होतीस, आठवतं? नसेलच आठवत.

सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. आणि वरच्या फटीतून उलट हाक आली. आधी तुटकी, मग दोन लांब. डॉर्सीच! शेवटच्या लांब हाकेत त्याचा आवाज फाटतो, तसाच फाटला. जगात ही हाक आपल्या तिघांशिवाय कोणाला येत नाही. मी तिथेच उभ्या उभ्या रडले आणि शेजारच्या बाईला सांगितलं की डोळ्यात किडा गेला.

उद्या न्यायाधीश त्याला बघणार आहेत.

९ ऑगस्ट, गुरुवार

सुटला. जेवायला बसले होते तेवढ्यात यंत्राचा फोन आला. तशीच धावले, तोंडात घास घेऊन.

बाजूच्या दारातून आला. हातात पारदर्शक पिशवी, त्यात टोपी, पट्टा, चाकू. मी गळ्यात पडले. तो सरळ उभा राहिला. थकला असेल बिचारा. म्हटलं, काय रे विसराळू, पुढची तारीख तरी लक्षात ठेवशील का? त्याने तारीख सांगितली, वेळ सांगितली, कोर्टाच्या खोलीचा नंबर सांगितला. वसंतातली चुकलेली तारीखही सांगितली. मी म्हटलं, अरे, एवढं आठवतं तर गेला का नाहीस? म्हणाला, मी काही विसरत नाही, आजी.

आपल्याकडची बस आता शनिवारी. तोवर इथेच.

व्रण डाव्याच भुवईवर आहे. मी दोनदा पाहिला. का पाहिला ते माझं मलाच कळलं नाही. म्हातारपणी माणूस संशयी होतं, दुसरं काय.

१० ऑगस्ट, शुक्रवार

तो झोपला नसावा. सकाळी उठले तेव्हा पलंगावर बसलेला, अंथरुणाला सुरकुती नाही. पट्टा बांधलेला, टोपी मांडीवर.

लेटी, मी एक पाप केलं. रस्त्यावर एक माणूस उकडलेल्या शेंगा विकत होता. मी पिशवीभर घेतल्या आणि न बोलता त्याच्यासमोर ठेवल्या. म्हटलं, माझा डॉर्सी असेल तर हात मागे घेईल, आणि विसरलाच असला तर मी ओढून घेईन, माझा हात तयारच होता. पण त्याने एक उचलली ती इतक्या झटक्यात तोंडात टाकली की माझा हात पोचलाच नाही.

मी ओरडले. डॉक्टर, डॉक्टर. तो शांत. दुसरी खाल्ली. तिसरी. पिशवी रिकामी केली आणि टरफलं ओळीत मांडली. त्या बदकांसारखी. गळा सुजला नाही. कानाची पाळीसुद्धा लाल झाली नाही. म्हणाला, मला कोणतंही अन्न बाधत नाही.

विनिफ्रेडने वाचले होते तेच शब्द. एकही इकडेतिकडे नाही.

मी त्याला हाताला धरून तुरुंगासमोर नेलं. त्याच्या तोंडाकडे बघत हाक दिली. त्याने विचारलं, आजी, तू का ओरडतेस? अगदी गोड आवाजात, जसं अनोळखी म्हातारीला रस्ता ओलांडायला मदत हवी का विचारावं तसं.

आणि तेवढ्यात वरून, फटीतून, उलट हाक आली. तुटकी, लांब, लांब. शेवटी फाटलेली.

माझा पोरगा आत आहे, लेटी. मग माझा हात धरून हे कोण उभं आहे?

१० ऑगस्ट, शुक्रवार, दुपार

इमोजीनकडे गेले. ती म्हणाली, डॉर्सी नेलरची सुटका झाली आहे. झाली आहे, म्हणजे तो आत नाही. आत नाही त्याला आत कसं शोधणार? मी म्हटलं, मी आत्ता त्याचा आवाज ऐकला. ती म्हणाली, आवाजाची नोंद होत नाही.

मी विचारलं, तूही कधी आत होतीस का गं? म्हणाली, एक रात्र. गाडी जोरात चालवली म्हणून. वेळही सांगितली.

वाचनालयात विनिफ्रेडने पडदे ओढून घेतले. सगळं ऐकलं, आणि मला वेडी म्हणाली नाही. तेच वाईट. म्हणाली, राजधानीत फोन करून पाहिला होता तिने मागे, नवऱ्यासाठी. तिथून प्रश्न परत इमोजीनकडेच येतो. नवऱ्याला बासरी वाजवता यायची, आता बासरीकडे बघतो आणि तिची लांबी सांगतो. त्यांनी नोंदीत जेवढं लिहिलं तेवढंच बाहेर येतं, ओझेला, असं माझं नाव घेऊन म्हणाली. मग तिने डॉर्सीचं पान पुन्हा उघडलं, आणि तिचा हात तोंडावर गेला.

दाखल एकदा. सुटका दोनदा. दुसरी आजची.

तेवढ्यात माझा फोन वाजला. यंत्राचा आवाज होता.

११ ऑगस्ट, शनिवार

दोघे आहेत.

दुसऱ्याला मी दारातच हाक देऊन पाहिली. वाटलं, हा तरी — नाही. त्यानेही तोच प्रश्न विचारला. त्याच गोड आवाजात.

पलंगावर शेजारी शेजारी बसलेत. दोन टोप्या. दोन चाकू. एकमेकांकडे बघत नाहीत. जणू दुसरा तिथे नाहीच.

बस आली आणि गेली. मी चढले नाही, कारण मी चढले असते तर तेही चढले असते. मी विचारलं, लेटी कोण? दोघे एकदम म्हणाले, बहीण, आणि मग आपला पत्ता. रस्ता, घर, सगळं. तुझं लाडाचं नाव विचारलं तर गप्प. तुझे रबरी बूट विचारले तर गप्प. आणि मग विचारायला लागले, घरी कधी जायचं? पुन्हा पुन्हा. एकदम.

त्यांना तुझ्याकडे यायचंय, पोरी. आणि तू उठूही शकत नाहीस.

११ ऑगस्ट, शनिवार, संध्याकाळ

न्हाणीघरात आहे. नळ सोडलाय. नीट वाच, आणि या वेळी तरी विसरू नको.

कुणीही दारात आलं, डॉर्सीसारखं दिसलं तरी, खिडकीतून आधी हाक दे. उलट हाक आली नाही तर दार उघडायचं नाही. वेंडेलला सांग, बंदूक घेऊन ओसरीवर झोपायला ये. तो घोरतो, पण चालेल.

मी आत जाणार आहे. बाहेरून डॉर्सीला कोणी शोधणार नाही, कागदावर तो सुटलाय. आतून तरी मी त्याच्या हाकेमागे जाऊ शकते. आणि लेटी, हसू नको, पण या कामाला तुझी अडाणी आजीच बरी. माझी कुठे नोंद नाही. शाळेत नाव नाही, गाडीचा परवाना नाही, जन्म तंबाखूच्या शेडमध्ये. मी सांगीन तेवढंच त्यांच्याकडे असेल. आणि मी काय सांगणार? खोटं, दुसरं काय! मला थट्टा आवडत नाही म्हणून सांगीन. माझी नात कधी काही विसरत नाही म्हणून सांगीन. आणि जेवणाचं विचारतील तेव्हा सांगीन, मला मक्याचा पाव साखर घातलेला लागतो. भरपूर.

म्हणजे तुला कळेल. माझा चेहरा घेऊन कोणी साखर मागितली तर —

नळाच्या आवाजातूनही दोघांचा आवाज येतोय. दाराशी उभे आहेत. घरी कधी जायचं म्हणतायत.

१२ ऑगस्ट, रविवार

शेरीफच्या गाडीचा दिवा काठीने फोडला. पुढचा. डॉर्सीचा फुटला होता तोच. तरुण पोलीस होता, मला म्हणाला, आजीबाई, बरोबर चला. त्याचाही एक केस इकडचा तिकडे नाही.

फोन एप्रनच्या खिशात आहे, बटण दाबलेलं. हळू बोलतेय.

नाव विचारलं — सांगितलं. जन्मतारीख — म्हटलं, आवडेल ती घाल. सही म्हणून फुली मारली. इमोजीन लिहितेय. साखर सांगितली. नात सांगितली. अगदी मन लावून लिहितेय —

विचारतेय, आणखी काही आठवतं का. म्हटलं, बाई, मी काही विसरत नाही. पहिल्यांदाच हसली. ती हसली, लेटी, आणि —

आत दिवे आहेत पण सावली पडत नाही. लांब बोळ. दारं. दारांमागे माणसं बसलीत — जुनी — किती जुनी — एकाच्या हातात बासरी नाही पण बोटं हलतायत —

फोन मागतायत. पिशवीत घालणार —

ऐकतेय मी. तिकडून. डॉर्सी, मी आले रे, तू फक्त —

१३ ऑगस्ट, सोमवार

लेटी नेलर यांस. मी ओझेला नेलर. माझी आज सुटका झाली. माझ्या वस्तू परत मिळाल्या: काठी, एप्रन, फोन. माझी तब्येत चांगली आहे. तुम्ही कधी काही विसरत नाही, त्यामुळे आठवण करून देण्याची गरज नाही. बाहेर डॉर्सी आणि डॉर्सी उभे आहेत. बुधवारच्या बसने आम्ही घरी येत आहोत. पत्ता आमच्याकडे आहे.

हूऽऽऽ हूऽऽऽ हु हू

इमारतीतून कोणीतरी ओरडत आहे. आवाजाची नोंद होत नाही.

हु हू हूऽऽऽ हूऽऽऽ

तिकडे लक्ष देऊ नका. दार उघडं ठेवा. तोपर्यंत मक्याचा पाव पाठवा. साखर घाला. भरपूर घाला. तिघांना पुरेल एवढा, आणि —